कॉलर वर केली की

पीकोट अंगात घालायच्या आधी हातात तोलून बघावा. हँगरवरून काढताना मनगट खाली जातं आणि तेवढ्यात त्याची पहिली ओळख होऊन जाते. माझा घरच्या काट्यावर दोन किलोच्या वर भरतो, लांबी मात्र जेमतेम मांडीच्या सुरुवातीपर्यंत. बॉस्टनमधल्या माझ्या पहिल्या डिसेंबरात, जुन्या कपड्यांच्या एका दुकानात, मी तो असाच तोलला आणि परत अडकवला. एवढ्या आखूड कपड्याला एवढा भार कशाला, असं वाटलं. दुकानाचे म्हातारे मालक गल्ल्यावरून उठले, त्यांनी कोट काढला आणि माझ्या मागे उभं राहून खांद्यांपाशी धरला. बाह्या चढल्या आणि वजन जाणवेनासं झालं. कुणी मागून दोन्ही खांद्यांवर हात ठेवून उभं राहावं, तसं ते दोन्हीकडे सारखं पसरलं होतं. मग त्यांनी कॉलर वर केली, दुकानाचं दार उघडलं आणि मला रस्त्यावर उभं केलं. बंदराकडून वारा येत होता. तो गालांना झोंबला, डोळ्यांत पाणी आलं. गळ्याच्या खाली मात्र तो पोचलाच नाही.

त्याला आता वीस वर्षं होत आली. या काळात मी पुष्कळ पीकोट पाहिले, चाचपले, उलटे करून त्यांची अस्तरं आणि शिवणी बघितल्या. माझं एक मत पक्कं झालं आहे. या कोटाची सगळी शोभा कापडाच्या जाडीतून आली आहे. रुंद कॉलर, मोठी बटणं, उभे खिसे, मोजक्या शिवणी हे सगळं जाड कापडाने शिंप्याकडून करवून घेतलं आहे. ज्याला पीकोट वाचायचा आहे त्याने कापडापासून सुरुवात करावी.

नावातही कापडच आहे. 'पी' म्हणजे इथे वाटाणा नाही. डच भाषेत 'पै' म्हणजे जाडंभरडं लोकरी कापड आणि 'येकर' म्हणजे जाकीट. हा 'पैयेकर' अठराव्या शतकात अमेरिकेतल्या इंग्रजीत शिरला आणि बोलता बोलता झिजून 'पी जॅकेट' झाला. अमेरिकेच्या नौदलात दुसरी व्युत्पत्ती सांगतात: 'पायलट क्लॉथ' नावाच्या जाड निळ्या कापडाचं पहिलं अक्षर 'पी', म्हणून पीकोट. शब्दांचे अभ्यासक डच बाजूला झुकतात, मलाही तीच पटते. पण कुठलीही धरा, कोटाचं बारसं त्याच्या कापडावरूनच झालेलं आहे.

फ्रेंच लोक याच कोटाला 'काबाँ' म्हणतात. तो शब्द सिसिलीमार्गे अरबी 'कबा'पर्यंत मागे जातो. तोच कबा फारसीतून आपल्याकडेही आला आणि जुन्या मराठीत 'कबाय' झाला. एकाच शब्दाने एका टोकाला दरबारी अंगरखा आणि दुसऱ्या टोकाला खलाशाचं जाकीट शिवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता कापड. पीकोट दोनपैकी एका कापडाचा असतो, कर्सी किंवा मेल्टन. मेल्टन हे नाव इंग्लंडच्या लेस्टरशरमधल्या मेल्टन मोब्रे या गावाचं; कर्सी हे सफोकमधल्या त्याच नावाच्या खेड्यावरून आल्याचं मानतात. लोकरीचा धागा विणून मागावरून जे उतरतं ते तसं विरळच असतं, वारा त्यातून सहज आरपार जाईल. मग ते ओलं करून, साबण लावून, गरम पाण्यात कुटतात, मळतात, रगडतात. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि मार एकत्र मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. कापड आटत जातं, दाट होत जातं. शेवटी वरची लव उभी करून ती सारखी कातरतात. घरातला लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात गेला की तो आखडून घट्ट होतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. गिरणी तेच मुद्दाम आणि मोजूनमापून करते. तयार मेल्टन बोटांत धरून पाहिलं तर ताणाबाणा कुठे आहे ते डोळ्यांना सापडत नाही.

हे कापड वाऱ्याला थारा देत नाही आणि पाण्याशी त्याचं वागणं फार समजूतदार असतं. धनगराची घोंगडीची खोळ ज्याने मृगाच्या पावसात पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. पाऊस बराच वेळ वरच्यावर राहतो. जी दमट हवा आत शिरते ती लोकरीचा केस पोटात घेतो. स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पिऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. शिवाय ओलावा पिताना ती थोडी ऊब बाहेर टाकते. म्हणून धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला पीकोट घालून जे बरं वाटतं, तो निव्वळ मनाचा खेळ नसतो.

माझा कोट कर्सीचा आहे. त्यावरून तळहात वरून खाली फिरवला तर तो सरळ घसरत जातो. खालून वर फिरवला तर किंचित अडतो, मांजराच्या पाठीवर अडावा तसा. कर्सीची लव एकाच दिशेने बसवलेली असते आणि शिंप्याने ती दिशा खाली ठेवलेली असते. पाण्याचा थेंब पडला की लवेला धरून तो खाली घरंगळतो. कोकणातल्या घराच्या कौलांना जो उतार, तोच इथे एका केसाच्या उंचीवर केलेला आहे. चांगल्या उजेडात या लवेला एक दबकी चकाकी दिसते. मेल्टन मात्र निखळ मंद असतं, त्याला दिशा नसते. अमेरिकेच्या नौदलाने १९८० च्या सुमारास कर्सी सोडून मेल्टन घेतलं, आणि तेही आधीपेक्षा हलकं. नंतरचे कोटही चांगले आहेत. पण एका वाराला ३२ औंस, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम भरणारं कापड ज्याने एकदा अंगावर घेतलं, त्याचा हात तीच जाडी शोधत राहतो.

आता या जाडीने शिंप्यावर काय काय लादलं ते बघा. एवढं कापड दुमडून चुणी घालायची म्हटली तर तिथे गाठ येते, म्हणून चुण्या नाहीत आणि शिवणी कमीत कमी. कापडाची धार उसवत नाही, म्हणून कडा आत फार वळवाव्या लागत नाहीत. कडेला समांतर अशी ठसठशीत टीप मारली की झालं. पातळ सुटाच्या कोटाला छातीपाशी इस्त्रीची धारदार मोड देता येते, इथे ती बसत नाही. म्हणून लॅपेल दुमडत नाही, वळतं. जाड पुस्तकाचं पान वळावं तसं, आत पोकळी ठेवून. त्या वळणात जी सावली पडते ती पीकोटाची खरी नक्षी. काजं मोठी, कारण लहान काज या जाडीत मिटून जाईल. काज मोठं म्हणून बटण मोठं. आणि बटण मोठं म्हणून बधिर झालेल्या बोटांनी, अंधारात, न बघता ते लावता येतं. छातीवर कापडाचे दोन थर एकावर एक येतात, तिथेच वाऱ्याचा सगळ्यात जास्त मार असतो. दोन उभ्या रांगांतली बटणं आपल्याला रुबाबदार दिसतात. तो रुबाब या दुसऱ्या थराच्या मागोमाग आलेला आहे.

बटण जवळ घेऊन बघा. काळं, कडेला उंच काठ असलेलं, आणि मधे नांगर. नांगराला त्याचाच दोर गुंडाळलेला आहे. खलाशाच्या लेखी दोरात गुंतलेला नांगर ही अडचण; तो असा वर आला तर आधी शिव्या आणि मग सोडवायचं काम. तरी ब्रिटिश आरमाराने शतकांपूर्वी हेच चिन्ह मानाचं म्हणून घेतलं आणि अमेरिकेनेही ते उचललं. जुन्या अमेरिकन बटणांवर नांगराभोवती तेरा चांदण्या असत, पहिल्या तेरा राज्यांच्या. माझ्या कोटाच्या बटणांवर चांदण्या नाहीत. शिवणाऱ्याने नांगर मात्र सगळे सरळ उभे ठेवले आहेत, एकही कलंडलेला नाही. नौदलाच्या कारखानदाराने हजारोंनी शिवलेल्या कोटांतला हा एक, आणि तरी कुणीतरी प्रत्येक बटण फिरवून, नांगर उभा करून मग दोरा ओढला आहे.

खिसे उभे आहेत, बरगड्यांच्या खाली, आणि त्यात कोपर न उचलता हात जातात. हात घातले की कोपरं आपोआप अंगाला चिकटतात, खांदे थोडे पुढे येतात, छाती झाकली जाते. थंडीत माणूस जसा उभा राहतो तसंच या खिशांनी त्याला उभं केलं आहे. पीकोट घातलेल्या माणसाची जी एक ठरावीक छबी आपल्या डोळ्यांपुढे येते ती या खिशांनी घडवली. आणि आत? बाहेरून एवढा कडक कोट, आत खिशाला कॉर्डरॉय. जुन्या कोटांत हे हमखास सापडतं. मऊ, उभ्या रेघारेघांचं, हात घातल्या घातल्या ऊब देणारं. आतला हा मऊपणा ज्याचे हात खिशात आहेत त्यालाच कळतो.

कॉलरबद्दल मात्र मला जरा सावकाश बोलायचं आहे.

कॉलर खाली असताना ती रुंद आणि शांत असते, खांद्यांवर पसरलेली. वर केली की ती कानांपर्यंत येते, आणि तशीच उभी राहते. पातळ कोटाची कॉलर वर केली तर दोन पावलांत कोलमडते. ही का राहते, याचं उत्तर कॉलरच्या खालच्या अंगाला आहे. तिथे शिंप्याने टिपांच्या रांगांवर रांगा मारल्या आहेत. कापडाचे थर, मधला कडक पदर आणि या टिपा मिळून कॉलर ताठ होते. या टिपा एरवी कुणाला दिसत नाहीत. कोट दुकानात टांगलेला असताना, घडी घालून ठेवलेला असताना, उन्हात मिरवताना त्या मानेच्या बाजूला लपलेल्या असतात. वारा सुटतो, माणूस कॉलर वर करतो आणि त्या बाहेर येतात. कोटातली सगळ्यात कष्टाची कारागिरी फक्त वाईट हवेतच दिसावी, यापेक्षा सुंदर गोष्ट मला कपड्यांच्या दुनियेत माहीत नाही. मी कुठलाही पीकोट पारखायला घेतला की आधी कॉलर उलटते. खाली नुसतं सपाट कापड दिसलं तर पुढचं बघत नाही.

लांबीचीही एक गोष्ट आहे. अधिकाऱ्यांसाठी याच कापडाचा लांब कोट असतो, त्याला ब्रिज कोट म्हणतात. तो जहाजाच्या ब्रिजवर उभं राहून हुकूम देणाऱ्याचा. पीकोट आखूड आहे कारण तो घालणाऱ्याला शिडी चढायची असते, दोर ओढायचा असतो, वाकायचं असतं. लांब घेर पायात आला असता. म्हणजे कोटाच्या लांबीतच हुद्दा लिहिलेला आहे. शिडाच्या काळात डोलकाठीवर चढणाऱ्यांपासून पोलादी जहाजाच्या डेकवर पहारा देणाऱ्यांपर्यंत हा कायम कामकऱ्याचा कोट राहिला. कामाच्या वेळी याच खलाशाच्या पायांत डंगरी असे, आणि डंगरी हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीचा. तिथल्या बाजारात विकलं जाणारं जाडं सुती कापड जहाजांवरून जगभर गेलं आणि गावाचं नाव विजारीला चिकटलं.

रंगाचाही धागा हिंदुस्थानापर्यंत येतो. ब्रिटिश आरमाराने १७४८ मध्ये अधिकाऱ्यांचा गणवेश निळा ठरवला आणि पुढे 'नेव्ही ब्लू' हे रंगाचंच नाव झालं. तो निळा तेव्हा निळीचा होता. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बाजारातल्या निळीचा मोठा वाटा बंगालचा होता, आणि ती पिकवणाऱ्या रयतेने १८५९ मध्ये हे पीक घेणार नाही म्हणून बंड केलं. १८९७ मध्ये जर्मनीत कारखान्यातली नीळ विकायला आली आणि तो व्यापार ढासळला. माझ्या कोटाचा रंग त्या निळीचा नक्कीच नाही. पण सावलीत काळा आणि उन्हात खोल निळा दिसणारा हा रंग बघताना मला ती शेतं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

कामाचा हा कोट पॅरिसमध्ये कसा पोचला? २९ जानेवारी १९६२ ला फॅशन डिझायनर ईव्ह सँ लोराँ यांनी स्वतःच्या नावाने पहिला संग्रह सादर केला, आणि त्यातला पहिला पोशाख होता पीकोट. गडद निळा, सोनेरी बटणांचा, खाली शँटुंग कापडाची पांढरी विजार. पॅरिसच्या उंची शिवणकलेच्या दालनात पहिलं पाऊल टाकलं ते खलाशाच्या कोटातल्या एका स्त्रीने. सँ लोराँ यांचं मोठेपण मला त्यांनी काय केलं नाही यात दिसतं. त्यांनी कंबर आवळली नाही, कोटाला नाजूक केलं नाही. त्याची चौकोनी ठेवण तशीच ठेवली, बटणं उजळली आणि थांबले. माझ्यासारख्या अनेकींना आज पुरुषाचा कोट उसना घेतल्यासारखं न वाटता पीकोट घालता येतो, त्याची वाट त्या दिवशी मोकळी झाली.

सिनेमाने त्याला वेगळं आयुष्य दिलं. 'थ्री डेज ऑफ द काँडोर' (१९७५) च्या शेवटी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर कॉलर वर करून उभा असलेला रॉबर्ट रेडफोर्ड सगळ्यांना आठवतो. मला मात्र हॅल अॅशबी यांचा 'द लास्ट डीटेल' (१९७३) जवळचा. एका तरुण खलाशाला देणगीच्या पेटीतले चाळीस डॉलर चोरण्याचा प्रयत्न केला म्हणून आठ वर्षांची शिक्षा झाली आहे. नौदलाचे दोघे जण त्याला भर हिवाळ्यात तुरुंगात पोचवायला निघतात. तिघांच्या अंगावर सारखेच पीकोट. बर्फ साचलेल्या बागेत ते तिघं शेकोटी करून खायला बसतात, तेव्हा पहारेकरी कोण आणि कैदी कोण हे कोटावरून ओळखता येत नाही. दिग्दर्शकाने त्याबद्दल कुणाच्या तोंडी एक वाक्यही घातलेलं नाही. गणवेश असा वापरलेला मी क्वचित पाहिला आहे.

बाजारात आज पीकोट या नावाखाली जे मिळतं त्यातलं बरंचसं बघवत नाही. लोकर नावापुरती, बाकी पॉलिएस्टर; कापड पातळ, म्हणून लॅपेल चपटं; कॉलर वर केली तर घसरणारी; खिसे एवढे वर की हात कोंबावे लागतात. अशा कोटात सगळे तुकडे जागच्या जागी असतात, पण त्यांना एकत्र धरणारं वजन नसतं. चांगला घ्यायचा तर अजून मिळतो. न्यूयॉर्कची शॉट ही १९१३ साली सुरू झालेली कंपनी ३२ औंसांच्या मेल्टनचा कोट शिवते. आणि जुन्या नौदली कोटांना तर मरणच नाही, ते दुकानादुकानांतून फिरत असतात.

ज्या अमेरिकन नौदलाने हा कोट इतका काळ अंगावर वागवला, त्याने ऑक्टोबर २०२० पासून तो सक्तीच्या गणवेशातून काढून ऐच्छिक केला. त्याच्या जागी कृत्रिम कापडाचा, हलका, पाणी आत न येऊ देणारा पार्का आला. खलाशासाठी हा निर्णय योग्य आहे असंच मी म्हणेन. पीकोट शेवटी भिजतो, भिजला की आणखी जड होतो आणि वाळायला दोन दिवस घेतो. समुद्रावर काम करणाऱ्याने माझ्या आवडीखातर गारठावं असं मला कधीच वाटणार नाही. तरी पूर्व बॉस्टनमध्ये नौदलासाठी कित्येक दशकं हे कोट शिवणारा स्टर्लिंगवेअरचा कारखाना २०१९ मध्ये बंद होत असल्याचं वाचलं, तेव्हा गळा दाटून आला. बटणाचा नांगर सरळ धरणारे ते हात होते.

माझ्या कोटाच्या आतल्या खिशावर करारक्रमांकाची चिठ्ठी आहे, तिच्यातले दोन आकडे साठच्या दशकातलं साल सांगतात. अस्तरावर पांढऱ्या रंगाने छापा मारून लिहिलेलं नाव होतं. खलाशी आपापल्या कपड्यांवर असंच नाव घालत. त्यातली आता तीनच अक्षरं उरली आहेत आणि तीही पुसट. ती आणखी पुसू नयेत म्हणून मी ड्रायक्लीनिंग टाळते.

आता मी पुण्यात असते. इथे याचा उपयोग काय, असं लोक विचारतात. मी तो दसऱ्यानंतर कपाटातून काढते. कसर लागली आहे का ते शिवणीशिवणीत बघते, बगलेपासून खालपर्यंत लवेच्या दिशेने ब्रश फिरवते, खिसे उलटे करून झटकते, गॅलरीत सावलीला दिवसभर वाऱ्यावर ठेवते. मग कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याची पुरचुंडी खांद्याशी ठेवून सुती चादरीत गुंडाळते. लोकर सतत हवेतला ओलावा घेत-सोडत असते, त्यामुळे त्या दिवशी घरभर तिचा एक वास दरवळतो.

त्या वासाबरोबर दर वर्षी आई आठवते. ती बॉस्टनला आली ती नेमकी जानेवारीत. मुंबईहून आणलेलं जाकीट पहिल्याच दिवशी हरलं. चार्ल्सटाऊनच्या धक्क्यावर 'कॉन्स्टिट्यूशन' हे १७९७ साली पाण्यात उतरलेलं लाकडी जहाज बघायला निघालो तेव्हा मी तिला माझा पीकोट दिला. साडी, त्यावर कोट, पायात लोकरी मोजे आणि माझे बूट. "अगं, केवढा जड आहे हा!" म्हणून ती दोनदा कुरकुरली. मी तिची कॉलर वर केली. अर्ध्या तासाने मी विचारलं, "आई, जड होत असेल तर दे, मी हातात घेते." ती म्हणाली, "राहू दे गं, आता अंगावर बसलाय."

धक्क्याच्या टोकाला गेलो तेव्हा पाण्यावरून वारा सरळ अंगावर येत होता. आई रत्नागिरीची. तिने खिशातले दोन्ही हात बाहेर काढले, त्या करड्या पाण्याला नमस्कार केला आणि लगेच परत आत घातले.